एकोणीस भिंतींवरचे तात्या

माझ्याकडे गेनबातात्यांचे एकोणीस फोटो आहेत आणि त्यांतला एकही त्यांचा नाही.

हे वाक्य मी आमच्या घरात इतक्यांदा ऐकवलं आहे, की माझी मुलं आता ते माझ्याआधी पुरं करतात. धाकटी तर माझा आवाजही काढते. पण तात्या कसे दिसायचे असं तिनं परवा सरळ विचारलं, तेव्हा माझी पंचाईत झाली. नाक सांगायला लागलो तर ते अंथुर्ण्याच्या कुणा म्हाताऱ्याचं निघालं. कपाळ आठवलं, त्यावर सुप्याच्या माणसाचा फेटा होता.

तात्या माझे चुलत चुलते. काटेवाडीला कालव्याच्या पाण्यावर वांगी आणि गवार करायचे. बाजाराच्या दिवशी पाटी घेऊन बारामतीला यायचे आणि माल विकून झाला की माझ्या फोटोच्या दुकानात चहाला टेकायचे. ते गेल्यावर त्यांची बायको, यसूकाकू, माझ्याकडे आली. वर्षश्राद्धाला फोटो पाहिजे म्हणाली. मी पेटीतून एकोणीस काचा काढल्या, म्हणजे फोटोच्या निगेटिव्ह. त्या वेळी त्या काचेवर असत. काकूनं एकेक काच खिडकीशी धरून पाहिली. घाई केली नाही. शेवटची काच खाली ठेवून म्हणाली, "ह्यात आमचं माणूस न्हाय." आणि पदर सारखा करून निघून गेली.

हे असं कसं झालं, ते सांगतो. त्यात माझी शोभा होते, पण घरच्यांना आता तिची सवय आहे.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. बारामतीच्या पेठेच्या टोकाला, छपरात काच बसवलेल्या एका खोलीत मी दुकान थाटलं होतं. मागं रंगवलेला पडदा. पडद्यावर बंगला, बंगल्यासमोर मोटार, आणि वर जागा उरली म्हणून पेंटरनं घातलेलं एक विमान. तिपाईवर बिनतारेचा टेलिफोन. एक मनगटी घड्याळ होतं, ते बंद. तालुक्यातली निम्मी तरणी पोरं माझ्याकडे चार वाजून वीस मिनिटांनी फोटोत उभी आहेत. सिनेमातल्यासारखा केसांचा कोंबडा काढून यायची आणि एक हात टेलिफोनवर ठेवायची. समोरच्या हॉटेलातला रेडिओ गाणी लावायचा, त्यामुळे फोटोत सगळ्यांचे चेहरे जरा विरहात असायचे.

माझी कला म्हणाल तर पुण्याला एका वस्तादाकडे सहा महिने शिकलो, त्यांतले तीन हिवतापात गेले. काचेवर बारीक पेन्सिलीनं चेहरा दुरुस्त करायचा असतो. मला एकच मिशी काढता यायची. वर वळलेली.

पण खरा धंदा वेगळाच होता. तेव्हा खेड्यांतली म्हातारी माणसं फोटोला बसायची नाहीत. फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणायची. मग माणूस जायचा आणि तेराव्याला घरच्यांच्या ध्यानात यायचं की हार कशाला घालायचा? ते मेलेल्याचा फेटा नि कोट गाठोड्यात बांधून माझ्याकडे यायचे. रीत अशी, की भावाला नाहीतर पोराला ते कपडे घालून बसवायचं आणि पेन्सिलीनं त्याला म्हातारा करायचं. सगळेच फोटोवाले हे करत. त्यात फसवणूक आहे असं कुणाला वाटायचं नाही. मलाही नाही.

एकदा अंथुर्ण्याहून दोघं भाऊ आले. दोघंही आईवर गेलेले, चपट्या नाकाचे. बापाचं नाक धारदार. त्यांना कसं बसवावं या विचारात मी, आणि तात्या पाटी टेकवून चहाची वाट बघत कोपऱ्यात बसलेले. थोरला भाऊ त्यांच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, आमचा बाप असाच बसायचा, एक गुडघा वर घेऊन.

मी तात्यांना विचारलं, जरा बसता का? वाटलं होतं, चिडतील. त्यांनी गाठोडं उघडलं, फेट्याला हात जोडले, आणि त्या पोरांना म्हणाले, "आदी सांगा, माणूस कसा हुता."

मग तीन गोष्टी विचारल्या. काय आवडीनं खायचा. शिव्या कुणाला घालायचा. आणि काय करायचं राहिलं. पोरं सांगत गेली. भरलं वांगं आवडायचं, सोयऱ्यांना शिव्या घालायचा, विहिरीवर मोट सोडून इंजिन बसवायचं राहिलं. तात्यांनी मान डोलावली, कोट चढवला नि खुर्चीत बसले. मी काळ्या कापडाखाली गेलो.

संध्याकाळी काच धुतली. औषधाच्या पाण्यात चेहरा वर यायला लागला आणि माझे हात थांबले. तो तात्यांचा चेहरा नव्हता. नाक, डोळे, सगळं त्यांचंच. पण काचेत जो बसला होता त्याला इंजिन घ्यायचं होतं. मी मिशीसुद्धा काढली नाही. पुढच्या बाजाराला त्या भावांची आई आली, फोटो बघून डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला नि मला म्हणाली, हात चांगला हाय तुझा. मी गप्प बसून ती शाबासकी खिशात घातली. कितीतरी दिवस मी ती खर्चत होतो.

बोभाटा झाला. सुपे, सणसर, इंदापूरच्या अलीकडच्या वस्त्या, कुठून कुठून गाठोडी यायला लागली. तात्या प्रत्येकाला त्या तीन गोष्टी विचारायचे. उत्तरं पटली नाहीत तर बसायचे नाहीत. "कुनालाच शिव्या देत नव्हता म्हंता? मग त्यो जिता कवा हुता?" असं म्हणून एकाला त्यांनी परत पाठवलं, घरी जाऊन नीट आठवून या म्हणून. तो बिचारा आठवून आला. भावजयीला द्यायचा, असं निघालं.

मेलेल्याचे कपडे अंगाला लागले म्हणून घरी जाताना ते कालव्यात अंघोळ करायचे. हा काकूचा दंडक. "रोज मरून येता, निदान धुऊन तरी या," म्हणायची. पण अंघोळीनं सगळं जात नव्हतं. कारल्याला नावं ठेवणाऱ्या माणसासाठी बसले तेव्हापासून तात्यांनी कारलं सोडलं. एकाला तपकिरीचा नाद होता, तात्यांना जेवणानंतर शिंका यायला लागल्या. काकू ताट वाढताना विचारायची, "आज कोन जेवतंय?" आम्ही हसायचो. तात्याही हसायचे. पण उत्तर द्यायच्या आधी ते क्षणभर थांबायचे, आणि ते थांबणं मला आवडायचं नाही.

गावाबाहेर तंबूत सिनेमा लागला होता, तेव्हा मी त्यांना हट्टानं नेलं. शेवटी त्यातला नायक मेला. बायाबापड्या रडल्या. तात्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढून बसले आणि मला येऊन म्हणाले, "आज परत मेला की रं. रोज मरतोय आनि रोज घरी जाऊन जेवत आसंल." जरा वेळानं म्हणाले, "त्येची बायकू काय इचारत आसंल, दत्तू?"

पितृपंधरवड्यात तर कहर. आमच्याकडे त्या दिवसांत गेलेल्याच्या नावानं एखाद्याला पितर म्हणून जेवायला बसवतात. आता ज्या घरात तात्यांचाच चेहरा भिंतीवर, त्या घरानं दुसऱ्या कुणाला बोलवावं? पंधरा दिवस तात्या घरी जेवले नाहीत. स्वतःच्या फोटोखाली पाटावर बसून, वरच्या हारातल्या झेंडूचा वास घेत, दुसऱ्याच्या आवडीचं जेवायचे. मी एकदा थट्टेनं म्हणालो, तात्या, तुमचं बरं आहे. ते म्हणाले, खीर सगळीकडं ग्वाड आसती, पर आवंढा एकेकाचा येगळा आसतो.

सुप्याचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. बियाण्यासाठी आम्ही दोघं सायकलवर गेलो होतो. भर दुपार, तहान लागली, एका घरापुढं थांबलो. आतून एक फार म्हातारी बाई आली. तात्यांकडे बघत उभी राहिली. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आली. दारातून मला भिंत दिसत होती. भिंतीवर फेटा बांधलेले तात्या, गळ्यात हार. या घरचा थोरला मुलगा, आदल्या वर्षी साप चावून गेलेला.

म्हातारी उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "बरं हाय न्हवं तिकडं?"

मला वाटलं, आता तात्या सांगतील. तात्यांनी गूळ तोंडात टाकला, पाणी प्यायले. "बरं हाय, आये."

"थंडी वाजती का?"

"न्हाय."

म्हातारीनं मान हलवली. तिचं समाधान झालेलं दिसलं. तिनं तांब्या उचलला नि आत गेली. येताना तीन-चार मैल सायकलची साखळी तेवढी वाजत होती. मग तात्या म्हणाले, "म्हातारीला काय म्हनून सांगायचं हुतं? तिकडं गेलंय कोन आपल्यातलं?" मी जोरात पायडल मारलं. खरं म्हणजे मला त्यांच्या मागं राहायचं नव्हतं. पुढंही राहायचं नव्हतं.

आता जे सांगायचं टाळत होतो ते.

इंदापूरकडच्या एका वस्तीवरचा एक माणूस एकटाच आला होता. त्याचा थोरला भाऊ सखाराम लढाईत पलटणीत गेला तो आलाच नाही. पत्र नाही, निरोप नाही, आठ वर्षं झाली. भावजय मुक्ताबाई अजून कुंकू लावत होती. पोर हौसा सहा महिन्यांची असताना बाप गेलेला. आता वाटणीचं, पोरीच्या पुढच्याचं, सगळंच अडलंय, घरानं काय ते एकदा मान्य केलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. तात्यांनी नेहमीप्रमाणं विचारलं. तो म्हणाला, सगळं खायचा, कुणाला शिव्या देत नव्हता, काही राहिलं नाही. तात्यांनी कोट बाजूला ठेवला. "असा मानूस नसतो," म्हणाले. बसायला तयार होईनात.

बाहेर लग्नाचं एक जोडपं ताटकळत होतं. मोटारीच्या पडद्यापुढं उभं राहायची त्यांना घाई आणि मला त्यांची. मीच तात्यांना गळ घातली. बसा हो, एक काच तर आहे. माझी बायको आजही हे ऐकताना हात थांबवते आणि म्हणते, "तुम्हीच बसवलंत." हो. मीच.

तात्या बसले. काचेत या वेळी कुणीच आलं नाही. नुसता चेहरा आला, रिकाम्या घरासारखा. मी माझी मिशी काढली.

त्या दिरानं घरी सांगितलं, फोटो पलटणीच्या हापिसातून मागवला. भिंतीवर लावला, हार घातला, मुक्ताबाईनं कुंकू पुसलं. हे आम्हाला पुढं कळलं. तेव्हा फक्त एवढं लक्षात आलं, की त्या घरानं तात्यांना पितर म्हणून कधी बोलावलं नाही.

सात-आठ वर्षं गेली. एका बाजाराला तात्या वांग्यांची पाटी अर्धी भरलेली तशीच सोडून दुकानात आले. चहा नको म्हणाले. हळूहळू सांगितलं. बायकांबरोबर बांगड्या भरायला आलेली एक पोर, पंधरा-सोळा वर्षांची, पाटीपुढं उभी राहिली. वांगी बघेना. त्यांच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "तुमी हितं हाय व्हय?" रडली नाही, ओरडली नाही. मनगटाला नुसता हात लावून बघितला. बरोबरच्या बायकांनी हाक मारली तशी गेली.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"न्हाय म्हनायला तोंड उघडलं. आलं न्हाय बाहीर." तात्या आपल्या मनगटाकडे बघत होते. "दत्तू, तिचं लगीन ठरलंय. घरी जाऊन सांगंल, बाप जिता हाय, वांगी इकतोय. त्या बाईनं काय करायचं?"

पुढच्या बाजारादिवशी सकाळी दहा वाजता मायलेकी दुकानात आल्या. शेजारच्या माळणीनं त्यांना तात्यांचं नाव, गाव आणि माझं दुकान, सगळं सांगितलं होतं. मुक्ताबाईचं कपाळ मोकळं होतं आणि काखेत फडक्यात बांधलेला फोटो होता. मला म्हणाली, "फोटोवालं दादा, पोरगी म्हंती तिचा बाप हाय. मी म्हंते न्हाय. ह्यात कोन हाय ते सांगा."

मी माझं ज्ञान पाजळायला लागलो. काच, उजेड, पेन्सिल. हौसा माझ्याकडे बघत होती आणि मला ऐकू येत होतं की मी किती फालतू बोलतो आहे. तेवढ्यात तात्या आले. त्यांनी मला हातानं थांबवलं, खुर्चीत जाऊन बसले, आणि म्हणाले, "पोरी, बघ. ह्यो मीच. तुझ्या चुलत्यानं कोट दिला, ह्यानं मिशी काढली, मी बसलो. तुझा बाप मी पाह्यला न्हाय. पर तवाच इचारायचं ऱ्हायलं, ते आज इचारतो." मग मुक्ताबाईकडे वळून त्यांनी त्या तीन गोष्टी विचारल्या.

ती उभीच होती. तशीच म्हणाली, शिळ्या भाकरीचा कुस्करा ताकात. शिव्या मलाच. हे सांगताना तिला हसू आलं, आणि तिलाच त्याचं नवल वाटलं. राहिलं म्हणाल तर गोठ्याचा एक वासा कुजला होता, तो बदलून येतो म्हणाला आणि पलटणीची गाडी आधी आली.

"मग दिसायचा कसा?" हौसानं विचारलं. "खरा."

मुक्ताबाईनं तोंड उघडलं. समोरच्या पडद्याकडे, त्या विमानाकडे बघत राहिली. समोरच्या हॉटेलात रेडिओवर कसलं तरी गाणं चालू होतं, ते संपलं, दुसरं लागलं.

"मला आता ह्येच दिसत्यात," ती म्हणाली. "फोटो आला तवा वाटलं हुतं, ह्यो न्हाय. पलटनीत मानूस बदलत आसंल म्हनलं. मग रोज हार घालून घालून... त्येंचं तोंड कवा गेलं, कळलं न्हाय."

तात्या खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला असेन, पण तोही मला आठवत नाही. त्यांनी त्या फोटोकडे हात केला. "फोडून टाकतो. आत्ता. काचबी फोडू."

हौसानं फोटो पटकन उचलून छातीशी धरला.

"फोडू नका. मला दुसरा कंचा बाप हाय?"

तात्यांनी पुढं केलेला हात मागं घेतला. म्हणाले, "बरं. मग ह्यो तुझा. मी मागत न्हाय."

त्या दिवसापासून तात्या कुणासाठी बसले नाहीत. गाठोडी यायची नि परत जायची.

लग्नाची अक्षत दिरानंच आणली, मान खाली घालून. मला फोटोसाठी बोलावलं होतं, तात्यांना नुसतं बोलावलं होतं. लग्नाच्या दिवशी सकाळी तात्या दुकानात आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. जन्मभराची मिशी न्हाव्याकडून काढून आले होते. आमच्यात बाप मेल्यावर मिशी काढतात, नाहीतर काढत नाहीत. एसटी स्टँडवर एकानं विचारलंच, गेनबाराव, कोण गेलं? तात्या म्हणाले, "लई जन." आणि गाडीत चढले.

मांडवात खुर्चीवर सखारामचा फोटो ठेवला होता, माझी मिशी मिरवत. पाहुणे येत, नमस्कार करत आणि पलीकडे बिनमिशीच्या म्हाताऱ्याकडे कुणी वळूनही बघत नव्हतं. त्यासाठीच ती काढली होती, हे मला तिथं उमगलं. तात्यांनी रांगेत उभं राहून अक्षता टाकल्या. फोटोपुढं आले, पायातलं काढून ठेवलं आणि हात जोडले. परक्या घरच्या मयताला जोडावेत तसे. ओठ हलले. काय म्हणाले, मला ऐकू आलं नाही.

निघायच्या वेळी हौसा सगळ्यांच्या पाया पडत आली. खुर्चीपुढं वाकली, आईपुढं वाकली, मग मांडवाच्या कडेला तात्या उभे होते तिकडे गेली. तात्या मागं सरकले.

"बापाच्या पडलीस न्हवं? झालं की मग," ते म्हणाले. "मी काटेवाडीचा गेनबा."

"म्हाईत हाय," हौसा म्हणाली. "गेनबाआबांच्याच पडतीया."

ती वाकली. तात्यांचा हात तिच्या डोक्यावर गेला आणि तिथं राहिला. गाडीवान हाका मारत होता. मग हौसा बैलगाडीत बसली, तात्या उपरण्याचा शेव उघड्या ओठावर धरून चाकाबरोबर चालत निघाले. मी मोठ्यानं विचारलं, तात्या, एसटी इकडं आहे, कुठं निघालात? त्यांनी मागं न बघता हात हलवला. ओढ्यापर्यंत पोरीला पोचवायला घरचं कुणीतरी जातं, तसे ते जात होते.